पुरात सर्व्हर गेला, डेटा वाचला, तरी ऑफिस सहा दिवस बंद: विंडोज सर्व्हरचा पूर्ण बॅकअप तुम्ही कसा घेता?

बर्डीचा_सर्व्हरवाला

नागपुरात छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. सीए, दवाखाने, गांधीबागेतले दोन-तीन कापडवाले. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. आता पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून धागा काढतो.

शनिवार, २३ सप्टेंबर २०२३. नागपूरकरांना या तारखेबद्दल वेगळं सांगायला नको. मध्यरात्रीनंतर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. मोरभवनात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माझ्या एका सीए क्लायंटचं ऑफिस डागा लेआउटच्या भागात, तळमजल्यावर. सकाळी सहाला त्यांचा फोन आला तेव्हा पाणी टेबलाच्या खणापर्यंत चढलं होतं.

दुपारी आत जाता आलं. सर्व्हरच्या पुढच्या जाळीत चिखल गच्च बसला होता, त्यात कडुनिंबाची पानं अडकलेली. कॅडी (डिस्कचे सरकते खण) ओढून डिस्क बाहेर काढल्या तर गढूळ पाणी टपकायला लागलं. मदरबोर्डवर मध्यापर्यंत तपकिरी रेघ उमटली होती. रोजचा बॅकअप घेणारा नॅस (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा) त्याच खोलीत, त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर होता. तोही गेला. आणि ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिट रिपोर्टची शेवटची तारीख. सात दिवस हातात.

डेटा मात्र वाचला. मोठे साहेब दर गुरुवारी एक एक्स्टर्नल डिस्क लक्ष्मीनगरला घरी न्यायचे. २१ तारखेची डिस्क कोरडी ठणठणीत होती. गेलं ते शुक्रवारचं काम. सगळ्यांना वाटलं, नवीन मशीन आणायचं, डिस्क लावायची, झालं.

नवीन मशीन सोमवारी दुपारी आलं. विंडोज टाकायला तासही लागला नाही. घोळ पुढे झाला. डोमेन, म्हणजे ऑफिसातली मशीनं आणि माणसांची खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था, नव्याने बनवावं लागलं. नाव तेच ठेवलं तरी त्याचा आतला ओळख क्रमांक बदलतो, त्यामुळे जुनी मशीनं त्याला आपलं मानत नाहीत. आर्टिकलशिपच्या मुलांचे चौदा लॅपटॉप एकेक करून जुन्या डोमेनमधून काढले, नव्यात घातले, प्रत्येकाचं प्रोफाइल हलवलं. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये माणसांच्या नावांच्या जागी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारे लांबलचक आकडे दिसत होते. कुठल्या क्लायंटचं फोल्डर कोणाला दिसावं आणि भागीदारांचं कोणाला दिसू नये, हे दोन्ही साहेबांना शेजारी बसवून पहिल्यापासून लावलं. टॅक्सच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस चालवणाऱ्या प्रोग्रॅमला जोडला गेला, पण त्याची लॉगिनं ‘मास्टर’ नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात आणि त्याचा बॅकअप कोणीच घेतला नव्हता. ऑफिस धडपणे चालू झालं ते शुक्रवारी, २९ तारखेला सकाळी. ती मुलं शेवटचे दोन दिवस आणि एक रात्र घरी गेली नाहीत. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात आणि ती जबाबदारी माझी होती.

आमच्याकडे फायली होत्या, सर्व्हर नव्हता. हा फरक मला तेव्हा पुरता कळला.

आता माझ्या प्रत्येक क्लायंटकडे बेअर मेटल बॅकअप आहे. म्हणजे अख्ख्या सर्व्हरची प्रतिमा: बूटचं पार्टिशन, सी ड्राइव्ह, सिस्टिम स्टेट, ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनच्या खात्यांची नोंदवही), रजिस्ट्री, इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम, सगळं एकत्र. कोऱ्या मशीनवर ती उतरवली की तोच सर्व्हर उभा राहतो. यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोज सर्व्हर २००८ पासून ‘विंडोज सर्व्हर बॅकअप’ हे फीचर सोबतच येतं, फक्त सर्व्हर मॅनेजरमधून सुरू करावं लागतं. शेड्यूल लावताना ‘कस्टम’ निवडून ‘बेअर मेटल रिकव्हरी’वर टिक केली की लागणारे ड्राइव्ह ते आपोआप घेतं. डेटाचा डी ड्राइव्ह मात्र आपण लक्षात ठेवून जोडायचा.

तुम्ही काय करता? आणि उतरवून पाहिलं आहे का? दोन्हीची उत्तरं हवी आहेत.

इतवारीतला

भाऊ, वाचून पोटात गोळा आला. आमच्या दुकानाचा सर्व्हर मीच सांभाळून राहिलो. दररोज रात्री रोबोकॉपीनं (फायली कॉपी करायची विंडोजची कमांड) डी ड्राइव्ह एका डिस्कवर उचलतो. टॅली, बिलिंग, सगळं तिथंच. मला वाटे आपलं काम चोख आहे. आता सांगा ना, हे फीचर चालू करायला सर्व्हर बंद करावा लागते का? दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ चालू राहते.

बर्डीचा_सर्व्हरवाला

@इतवारीतला, बंद करावा लागत नाही. चालू सर्व्हरचाच बॅकअप होतो. विंडोजची शॅडो कॉपी सेवा सगळ्या प्रोग्रॅमना क्षणभर थोपवते, त्या क्षणाचं चित्र धरते आणि कॉपी त्या चित्रावरून होते. फीचर घालताना सहसा रीस्टार्टही मागत नाही. रोबोकॉपी बंद करू नका, ते राहू द्या. एखादी फाइल चुकून उडाली तर तिथून काढणं सोपं पडतं.

एक काम आज कराल का? कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि ‘व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स’ द्या. प्रत्येक रायटरपुढे (म्हणजे शॅडो कॉपीसाठी आपला डेटा तयार ठेवणारा प्रोग्रॅमचा भाग) ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ दिसायला हवं. कुठे ‘फेल्ड’ असेल तर आधी ते दुरुस्त करायचं.

बुटीबोरीकर

कारखान्यात आयटी बघतो, आठ सर्व्हर आहेत. विंडोज सर्व्हर बॅकअपच्या काही गोष्टी आधी माहीत असाव्यात म्हणून लिहितो.

नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरवर बॅकअप टाकलात तर तिथे फक्त शेवटचाच राहतो. नवा सुरू झाला की जुन्यावरच लिहिलं जातं. मध्येच वीज गेली किंवा स्विच बसला तर जुनाही गेला आणि नवाही नाही. म्हणून नॅसवर टाकायचाच असेल तर वारागणिक वेगळं फोल्डर ठेवा. मागचे बॅकअप आपोआप सांभाळले जायला हवे असतील तर त्यालाच दिलेली डिस्क लागते. अशी डिस्क देताना विंडोज ती फॉरमॅट करतं आणि नंतर तिला ड्राइव्हचं अक्षर नसतं, ती माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही. आमच्या एका नव्या मुलाने ‘कोरी दिसते’ म्हणून अशी डिस्क पुन्हा फॉरमॅट केली होती. त्या दिवसापासून प्रत्येक डिस्कवर मोठ्या अक्षरात सर्व्हरचं नाव आणि नंबर लिहितो. एकाच शेड्यूलमध्ये अशा दोन-तीन डिस्क देता येतात. जी लावलेली असेल तिच्यावर बॅकअप जातो, बाकीच्या बाहेर ठेवायच्या.

दुसरं, डिस्कचं माप. नवीन सर्व्हरची डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी हवी. डेटा दोनशे जीबीच आहे, मग ५०० जीबीची एसएसडी पुरेल, असं चालत नाही. मूळ डिस्क २ टीबीची असेल तर समोरही तेवढीच हवी. दोन कंपन्यांच्या ‘२ टीबी’ डिस्कमध्ये काही एमबींचा फरक निघू शकतो आणि तेवढ्यावरून रिस्टोअर अडतं. शक्य तर एक माप मोठी घ्या.

वेळेचा हिशोबही आधीच करून ठेवा. यूएसबी ३ वरची साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, म्हणजे १ टीबी उतरायला पावणेतीन तास. तीच डिस्क चुकून यूएसबी २ च्या पोर्टात लावली तर नऊ तासांच्या वर. कोणाकडे अजून २००८ आर२ चालू असेल तर त्याच्या रिकव्हरीला यूएसबी ३ आपोआप ओळखता येत नाही. तसा त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला.

लॅबवाली_धंतोली

नमस्कार. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं सगळं ॲडमिन माझ्याकडे आहे, त्यात सर्व्हरही आला. २०१६ आहे, दोन २ टीबी डिस्क रेडमध्ये (म्हणजे एकत्र जोडलेल्या), लॅबचं सॉफ्टवेअर एसक्यूएलवर. बसवणाऱ्यांनी विंडोज सर्व्हर बॅकअप लावून दिला होता. दोन वर्षं रोज सकाळी हिरवी टिक बघते आणि रजिस्टरमध्ये सही करते. उतरवून कधीच पाहिलं नाही. धागा वाचल्यापासून झोप नाही. रोज शे-दीडशे पेशंटचे रिपोर्ट निघतात, कोणाच्या सर्जरीचा निर्णय त्यावर असतो. दादा, चालू सर्व्हरला हात न लावता हे कसं तपासायचं?

बर्डीचा_सर्व्हरवाला

ताई, दोन वाटा आहेत. एक, चांगल्या मेमरीचा पीसी घेऊन त्यावर हायपर-व्ही (पीसीच्या आत दुसरं, आभासी मशीन चालवणारं विंडोजचं फीचर) चालू करा आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रतिमा उतरवा. प्रतिमा धड आहे की नाही ते त्यातून कळतं. दुसरी वाट, एखादा जुना, निवृत्त केलेला सर्व्हर असेल तर त्यावर उतरवा. मी दुसरी सुचवेन. खऱ्या आपत्तीत अडतं ते रेड कार्डाच्या ड्रायव्हरवर (डिस्क जोडणारं कार्ड विंडोजला ओळखू देणारं सॉफ्टवेअर), आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये तो प्रश्न समोर येतच नाही.

एक गोष्ट अगदी पाळा: तपासणीचं मशीन लॅबच्या नेटवर्कला जोडू नका. एकाच नावाचे, एकाच आयपीचे दोन डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारे सर्व्हर) समोरासमोर आले तर चालू असलेलाही बिघडतो. वेगळा छोटा स्विच घ्या, त्यावर फक्त तपासणीचा सर्व्हर आणि एक लॅपटॉप.

लॅबवाली_धंतोली

जुना सर्व्हर आहे! २०१४ चा, स्टोअररूममध्ये. त्यालाही २ टीबीच्या डिस्क आहेत. रविवारी दुपारनंतर लॅब बंद असते. या रविवारी बसते.

सध्या_पुण्यात

मूळचा प्रतापनगरचा. डोमेन कंट्रोलरबद्दल लिहितो, कारण इथे चूक झाली तर ती लगेच दिसत नाही, महिन्याभराने दिसते.

ऑफिसात एकच डोमेन कंट्रोलर असेल तर वरची रीत सरळ आहे. दोन असतील आणि त्यातला एक डिस्क क्लोन करणाऱ्या प्रोग्रॅमने, मशीन बंद करून काढलेल्या प्रतीवरून परत आणला, तर तो जुन्या काळात जागा होतो आणि त्याला ते कळत नाही. दुसरा कंट्रोलर त्याचे नवे बदल ‘हे मला आधीच मिळालेत’ असं समजून घेतच नाही. पासवर्ड एकीकडे बदलतात, दुसरीकडे नाही. याला यूएसएन रोलबॅक म्हणतात. विंडोज सर्व्हर बॅकअप शॅडो कॉपीमार्फत जातो, त्यामुळे रिस्टोअर झालेल्या डिरेक्टरीला आपण बॅकअपवरून आलो हे समजतं आणि ती शेजाऱ्याकडून राहिलेलं मागून घेते. म्हणून कंट्रोलरसाठी हीच वाट धरा.

बॅकअप १८० दिवसांहून जुना असेल तर डिरेक्टरीसाठी तो बाद समजा. पुसलेल्या नोंदींच्या खुणा मूळ सेटिंगमध्ये तेवढेच दिवस ठेवलेल्या असतात. आणि डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडचा (डिरेक्टरी दुरुस्त करण्यासाठी सर्व्हर सुरू करायच्या वेगळ्या रीतीचा) पासवर्ड डोमेनच्या ॲडमिनहून वेगळा असतो. सर्व्हर बसवला त्या दिवशी कोणीतरी तो टाकलेला असतो, आणि तो माणूस आता नोकरीत नसतो. सर्व्हर चालू आहे तोवर ‘एनटीडीएसयूटिल’मधून तो बदलून घ्या. आज रात्रीच घ्या.

इतवारीतला

व्हीएसएसॲडमिन चालवलं. एसक्यूएलचा रायटर ‘फेल्ड’ दाखवून राहिला होता. त्याची सर्व्हिस रात्री रीस्टार्ट केली, आता ‘स्टेबल’ आहे.

पण एक विचारतो, राग नका मानू. एवढे डिस्कचे उपद्व्याप करण्यापेक्षा सगळं क्लाउडवर टाकलं तर? मुलगा म्हणते, बाबा, आता डिस्क कोण नेते घरी?

बुटीबोरीकर

राग कशाचा काका, प्रश्न बरोबर आहे. आम्हीही क्लाउडवर पाठवतो. पण परत आणायचा हिशोब करून बघा. ८०० जीबीची प्रतिमा १०० एमबीपीएसच्या लाइनवर, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, अठरा तास. आणि ज्या दिवशी शहरात पूर आलाय त्या दिवशी फायबरही तुटलेली असते. क्लाउड ही तिसरी प्रत. हाताशी डिस्क हवीच. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक इमारतीबाहेर, हा जुना नियम पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने फोटो सांभाळण्यासाठी मांडला होता. आमच्या कामाला तो जसाच्या तसा लागू पडतो.

कंपनी असेल तर एक कायद्याचं. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांच्या हिशोबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर, आणि तो दररोज, ठेवावा लागतो. आधी ‘ठरावीक काळाने’ असं होतं. क्लाउड घेताना डेटा कुठल्या देशात बसतो ते विचारा.

धरमपेठकर

पुरावर सगळे बोलताहेत, माझ्याकडे पाणी आलं नाही, रॅन्समवेअर आलं. ट्रान्सपोर्टचं ऑफिस, वाडीला. सोमवारी सकाळी प्रत्येक फाइलच्या नावाला शेपूट लागलेलं. बॅकअपची डिस्क सर्व्हरला कायम लावलेली होती. तिला अक्षर नाही, ती लपलेली आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. ज्याच्या हाती ॲडमिनचा पासवर्ड लागला त्याच्यापासून काही लपत नाही. १२ मे २०१७ ला जगभर पसरलेला वॉनाक्रायसुद्धा फायली कुलूपबंद करतानाच शॅडो कॉपी पुसायची आणि बॅकअपचा कॅटलॉग उडवायची कमांड चालवत होता. म्हणजे हल्ला करणाऱ्याला आपलं परतीचं दार ठाऊक असतं आणि ते तो बंद करून ठेवतो.

आता माझा नॅस डोमेनमध्ये नाही. त्याचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि सर्व्हरला त्यावर लिहायचा अधिकारच नाही. नॅसच रात्री येऊन सर्व्हरवरून प्रत ओढून नेतो. शिवाय एक डिस्क दर शनिवारी काढून ठेवली जाते. वायरच नाही तर पोचणार कसं?

असं काही घडलं तर सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) सहा तासांच्या आत कळवावं लागतं, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार. मला ते माहीत नव्हतं. तुम्ही लिहून ठेवा.

लॅबवाली_धंतोली

रविवार, दुपारचे साडेतीन. बसले आहे आणि अडले आहे.

२०१६ चा इन्स्टॉल पेनड्राइव्ह लावून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मधून ‘सिस्टिम इमेज रिकव्हरी’पर्यंत गेले. बॅकअप दिसला, कालची तारीख दिसली, आनंद झाला. पुढे गेले तर संदेश आला: प्रतिमा ईएफआयवाल्या मशीनची आहे आणि हे मशीन बायोसवर आहे, म्हणून रिस्टोअर करता येत नाही.

बुटीबोरीकर

ताई, हे सुटतं. जुन्या सर्व्हरच्या सेटअपमध्ये जा, बूट मोड, म्हणजे मशीन सुरू व्हायची पद्धत, ‘लेगसी’ (जुना बायोस) असेल तो ‘यूईएफआय’ (संदेशातला ईएफआय) करा. मग पेनड्राइव्हवरून बूट करताना यादीत त्याच्या नावामागे ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळच निवडा.

लॅबवाली_धंतोली

ते झालं. आता म्हणते, रिस्टोअर करायला डिस्कच नाही. दोन्ही डिस्कचे दिवे हिरवे आहेत!

बर्डीचा_सर्व्हरवाला

हाच तो रेड कार्डाचा ड्रायव्हर. रिकव्हरीच्या विंडोजला तुमचं कार्ड ओळखू येत नाही. उत्पादकाच्या साइटवरून त्या कार्डाचा सर्व्हर २०१६ चा ६४-बिट ड्रायव्हर घ्या. तो ‘ईएक्सई’ फाइल म्हणून उतरेल. ती तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही, रिकव्हरीमध्ये इन्स्टॉलर चालत नाही. दुसऱ्या पीसीवर ती उलगडा. आत ‘आयएनएफ’ आणि ‘एसवायएस’ फायली असलेलं फोल्डर मिळेल. ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. रिकव्हरीच्या त्याच खिडकीत ‘इन्स्टॉल ड्रायव्हर्स’चं बटण आहे, तिथून ‘आयएनएफ’ दाखवा.

उतरल्यावर बूट होताना निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर घाबरू नका. परत पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘डिझम’ने तोच ड्रायव्हर उतरलेल्या विंडोजमध्ये घालता येतो. मी आज घरीच आहे, लिहीत राहा.

लॅबवाली_धंतोली

रात्रीचे पावणेदहा. सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

ड्रायव्हर दिल्यावर डिस्क दिसली. ६४० जीबी उतरायला एक तास पन्नास मिनिटं लागली. निळा पडदा आला नाही. सर्व्हर दोनदा आपोआप रीस्टार्ट झाला, हार्डवेअर ओळखत बसला, आणि मग लॉगिनचा पडदा. त्यावर आमच्या लॅबचं नाव! स्टोअररूमच्या त्या धुळकट डब्यावर आमचा सर्व्हर बघून डोळ्यांत पाणी आलं.

पण लॅपटॉप जोडेना. पहिलं कारण, नेटवर्क कार्ड वेगळं असल्यामुळे ठरलेला आयपी त्यावर नव्हता, आपोआप मिळणारा लागला होता. जुना आयपी टाकायला गेले तर विंडोज म्हणालं, हा पत्ता आता मशीनमध्ये नसलेल्या दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे, तिथून काढू का? ‘हो’ दिलं. तरी शेअर उघडेना. तासभर मी केबल बदलत होते. मग सहज कोपऱ्यात पाहिलं तर तारीख २०१४ ची. मदरबोर्डवरचा सेल संपलेला! तारीख-वेळ बरोबर केली, दोन्ही रीस्टार्ट केले, आणि लॅबचं सॉफ्टवेअर उघडलं. शनिवारी संध्याकाळी नोंदवलेल्या शेवटच्या पेशंटचा सीबीसी समोर होता. बारकोडही छापून पाहिला.

एक प्रश्न आहे. बॅकअप रात्री अकराला होतो. उद्या दुपारी तीनला सर्व्हर गेला तर दिवसभराचे रिझल्ट गेले का?

सध्या_पुण्यात

मनापासून अभिनंदन. तारखेचं कारण असं की डोमेनमध्ये ओळख पटवणारं कर्बेरॉस दोन घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर नकार देतं. तुमच्याकडे फरक वर्षांचा होता.

दिवसभराच्या रिझल्टसाठी एसक्यूएलचा स्वतःचा बॅकअप लावा. डेटाबेसचं रिकव्हरी मॉडेल ‘फुल’ हवं, ‘सिंपल’वर लॉगचा (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींचा) बॅकअप घेताच येत नाही. मग रात्री एक पूर्ण आणि दिवसा दर पंधरा मिनिटांनी लॉगचा, आणि हे दुसऱ्या मशीनवर गेलं पाहिजे. म्हणजे गेलंच तर पंधरा मिनिटांचं काम जाईल, आणि तेवढं ॲनालायझरमधून परत काढता येतं. ‘मास्टर’ आणि ‘एमएसडीबी’ (एसक्यूएलचे स्वतःचे डेटाबेस) विसरू नका. विंडोज सर्व्हर बॅकअपच्या सेटिंगमध्ये ‘व्हीएसएस कॉपी बॅकअप’ हीच मूळ निवड असते, ती तशीच राहू द्या. ‘फुल’ केलीत तर एसक्यूएल त्यालाच आपला शेवटचा पूर्ण बॅकअप मानतं आणि पुढचे डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरचे फक्त बदल घेणारे बॅकअप) त्याच्यावर टेकतात. ऐन वेळी ते तुमच्या फाइलवर बसत नाहीत.

धरमपेठकर

ताई, एक सावधगिरी. या प्रतिमेच्या डिस्कवर काही कुलूप नसतं. सर्व्हरवर बिटलॉकर लावलेलं असलं तरी विंडोज सर्व्हर बॅकअपमध्ये गेलेला डेटा उघडाच असतो. ती डिस्क ज्याच्या हाती पडेल तो सगळ्या पेशंटचे रिपोर्ट वाचू शकतो. ती बंद कपाटात ठेवा, किंवा बॅकअपलाच पासवर्ड लावणारं सॉफ्टवेअर घ्या. आणि तो पासवर्ड सर्व्हरवर लिहून ठेवू नका.

इतवारीतला

माझ्याकडून एक. एप्रिल-मे मध्ये डिस्क स्कूटरच्या डिक्कीत ठेवून दुपारी फिरू नका जी. बाहेर पंचेचाळीस असते तेव्हा डिक्कीत हात लावता येत नाही. हार्ड डिस्कच्या कागदावर चालू असतानाची मर्यादा साठ अंश लिहिलेली आहे. मी आता सकाळी दुकान उघडतानाच डिस्क बदलतो आणि मुलगा शाळेत जाताना ती वर्धमाननगरला माझ्या बहिणीकडे देऊन येतो. दोन डिस्क घेतल्या, एक घरी एक दुकानात. बेअर मेटलचा पहिला बॅकअप काल रात्री पूर्ण झाला.

बर्डीचा_सर्व्हरवाला

काका, फार बरं वाटलं.

सगळ्यांना विनंती, एक कागद बनवा. खरोखरचा कागद, प्लास्टिकच्या पाकिटात घालून, डिस्कसोबत. माझ्या कागदावर हे असतं: सर्व्हरचं नाव, आयपी, विंडोजची आवृत्ती, डिस्क किती आणि केवढ्या, रेड कोणता, बूट यूईएफआय की लेगसी, रिस्टोअर मोडचा पासवर्ड कोणाकडे बंद लिफाफ्यात आहे, टॅली आणि टॅक्स सॉफ्टवेअरचे परवाना क्रमांक (नव्या हार्डवेअरवर ते पुन्हा चालू करून घ्यावे लागू शकतात), इंटरनेटवाल्याचा ग्राहक क्रमांक. पाकिटातच दोन पेनड्राइव्ह, एकावर त्या आवृत्तीचं इन्स्टॉल, दुसऱ्यावर उलगडलेले ड्रायव्हर. डागा लेआउटला मी ही माहिती जुन्या ईमेलमधून शोधण्यात अख्खा रविवार घालवला होता.

कागद लिहून झाला की आपण बाजूला बसायचं आणि दुसऱ्या माणसाला तो वाचून सर्व्हर उभा करायला सांगायचं. मी त्या दिवशी आजारी असेन, गावाला असेन, पुरात अडकलेला असेन.

लॅबवाली_धंतोली

उशिरा लिहिते आहे, तीन आठवडे झाले. कागद केला. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला, जिने सर्व्हरची खोली कधी उघडली नव्हती, काल तो दिला आणि मी खुर्ची लांब ओढून बसले. ठरवलं होतं, बोलायचं नाही.

ती दोन ठिकाणी अडली. मी लिहिलं होतं ‘ड्रायव्हर दाखवा’. कुठल्या पेनड्राइव्हवरचा, कुठलं फोल्डर, ते लिहिलंच नव्हतं. आणि ‘वेळ तपासा’ ही ओळ लॉगिनच्या नंतर होती, ती आधी हवी. दोन्ही तिनेच पेनने दुरुस्त केलं. पेनड्राइव्हवर लाल दोरा बांधला आणि कागदावर लिहिलं ‘लाल दोऱ्याचा’. दुपारी सव्वादोनला सुरुवात केली होती, सहाला पाच कमी असताना तिने लॅपटॉपवर रिपोर्ट उघडून दाखवला.

कागदाच्या दोन प्रती काढल्या. एक डॉक्टर मॅडमच्या घरी, बजाजनगरला, डिस्कच्या डब्यात. दुसरी त्या मुलीने स्वतःकडे मागून घेतली.